दात, चष्मे आणि रणगाडे

१० एप्रिल १९५१ रोजी ब्रिटनचे अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये अंदाजपत्रक मांडलं. कोरियात युद्ध पेटलं होतं आणि तीन वर्षांत संरक्षणावर ४७० कोटी पौंड खर्च करायचं सरकारने ठरवलं होतं. त्यासाठी प्राप्तिकर पौंडामागे सहा पेन्सांनी वाढला, मोटारी आणि रेडिओंवरचा खरेदीकर वाढला. याच अंदाजपत्रकात आणखी एक छोटी तरतूद होती. राष्ट्रीय आरोग्य सेवेतून तोवर मोफत मिळणारी दातांची कवळी आणि चष्मा यांची साधारण निम्मी किंमत यापुढे रुग्णाने भरायची होती. त्यातून चालू वर्षी १ कोटी ३० लाख पौंड वाचणार होते आणि पुढे दर वर्षाला २ कोटी ३० लाख.

या तरतुदीवरून बारा दिवसांत, ही आरोग्य सेवा उभी करणारे आणि आता कामगारमंत्री असलेले अनायरिन बेव्हन मंत्रिमंडळाबाहेर पडले. पाठोपाठ व्यापारमंत्री हॅरल्ड विल्सन गेले, आणि पुढे भारतात ब्रिटनचे उच्चायुक्त म्हणून आलेले जॉन फ्रीमन हे तरुण उपमंत्रीही गेले. ऑक्टोबरात मजूर पक्षाची सत्ता गेली, ती तेरा वर्षं परत आली नाही. वाचणारी रक्कम वर्षाच्या संरक्षणखर्चात शंभर पौंडांमागे एक पौंडही भरत नव्हती. एवढ्यासाठी सरकार फुटावं हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला पटत नाही, एका हट्टी माणसाचा आततायीपणा वाटतो. ब्रिटनमध्येही ही गोष्ट बरीच वर्षं अशीच सांगितली गेली. मला ती तशी दिसत नाही. युद्धाचा खर्च आणि आरोग्याचा खर्च सरकार किती वेगवेगळ्या नजरेने तपासतं, हे या भांडणाइतकं लख्ख दुसरीकडे क्वचितच दिसतं.

बेव्हन दक्षिण वेल्समधल्या ट्रेडेगर या कोळशाच्या गावचे. वडील खाणकामगार. स्वतः बेव्हन तेराव्या वर्षी खाणीत उतरले. १९२५ मध्ये वडील गेले ते फुप्फुसांत साठलेल्या कोळशाच्या धुळीने, मुलाच्या डोळ्यांदेखत. कायद्याच्या यादीत तो आजार धंद्यामुळे होणारा म्हणून नोंदलेला नव्हता, त्यामुळे भरपाई मिळाली नाही. पण याच ट्रेडेगरमध्ये एक वेगळी गोष्टही होती. कामगार पगारातल्या दर पौंडामागे काही पेन्स ‘मेडिकल एड सोसायटी’ या आपल्या संस्थेत भरत, आणि त्या पैशातून संस्था डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य नेमत असे. कामगाराच्या बायकामुलांनाही उपचार मिळत. गावातल्या बहुतेक घरांना या संस्थेचा आधार होता. ए. जे. क्रोनिन या डॉक्टर-कादंबरीकाराने १९२०च्या दशकात तिथे नोकरी केली होती. त्याच काळात बेव्हन गावच्या इस्पितळाच्या समितीवर काम करत होते. वर्गणी आजार पाहून नव्हे तर कमाई पाहून घ्यायची आणि उपचार कमाई पाहून नव्हे तर आजार पाहून करायचा, हे तत्त्व त्यांनी पुस्तकातून उचललं नव्हतं. त्यांच्या गल्लीत ते रोज चालत होतं.

१९४५ मध्ये पंतप्रधान ॲटलींच्या मजूर सरकारात ते आरोग्यमंत्री झाले. तोवर ब्रिटनमधली व्यवस्था तुकड्यातुकड्यांची होती. १९११च्या विमा कायद्याने नोकरीत असलेल्या कामगाराला डॉक्टर मिळाला होता, पण त्याची बायको आणि मुलं त्या कायद्याबाहेर राहिली होती. काही इस्पितळं धर्मादाय होती, काही नगरपालिकांची. बेव्हननी ती सगळी राष्ट्राच्या मालकीची केली आणि खर्च विम्याच्या हप्त्यांऐवजी मुख्यतः सर्वसाधारण करांतून करायचं ठरवलं. १९४६ मध्ये हुजूर पक्षाने विधेयकाविरुद्ध मतदान केलं. डॉक्टरांची संघटना दोन वर्षं भांडत राहिली. फेब्रुवारी १९४८ मध्ये तिने सभासदांचा कौल घेतला तेव्हा दहातले जवळपास नऊ डॉक्टर विरोधात होते. आपण सरकारी नोकर होऊ, कोणत्या रुग्णाला काय द्यायचं हे खात्याचा कारकून ठरवील, ही त्यांची भीती होती. तिला मी नुसता स्वार्थ म्हणणार नाही. बेव्हननी तडजोड केली. मोठ्या तज्ज्ञांना खासगी प्रॅक्टिसची मुभा दिली आणि डॉक्टरांना कायद्याने पगारी नोकर करणार नाही अशी हमी दिली. ५ जुलै १९४८ला सेवा सुरू झाली.

पुढच्या काही महिन्यांत जे घडलं ते नीट पाहिल्याशिवाय १९५१चं भांडण समजत नाही. त्याआधी गरीब माणूस चष्मा घ्यायला वूलवर्थच्या दुकानात जाई. तिथे काउंटरवर चष्मे मांडलेले असत. एकेक डोळ्यांना लावून पाहायचा, समोरच्या कार्डावरची अक्षरं ज्यातून बरी दिसतील तो सहा पेन्स देऊन घ्यायचा. दातांची गत याहून वाईट होती. गिरण्यांच्या आणि खाणींच्या भागात तरुणपणीच सगळे दात काढून कवळी बसवण्याची चाल होती, कारण पुढे आयुष्यभर दाढदुखी आणि दंतवैद्याचं बिल परवडणार नव्हतं. लग्नाआधी मुलीचे दात काढून तिला कवळी करून देणं हा काही घरांत आहेराचा भाग समजला जाई. सेवा सुरू झाल्यावर दवाखान्यांत बायकांची रीघ लागली. बाळंतपणानंतर खाली सरकलेलं गर्भाशय घेऊन वर्षानुवर्षं घरकाम केलेल्या, डॉक्टरची फी वाचवण्यासाठी कुणाला काही न सांगितलेल्या बायका पहिल्यांदा तपासणीच्या टेबलावर आल्या. पहिल्या वर्षात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले. खर्चाचे अंदाज कोलमडले आणि संसदेकडे पुरवणी मागण्या न्याव्या लागल्या.

अर्थखात्याला यात उधळपट्टी दिसली. फुकट मिळतं म्हणून लोक ओरपतात, असा सूर वर्तमानपत्रांनी लावला. वास्तविक पिढ्यान्‌पिढ्या तुंबलेली गरज एका वर्षात बाहेर आली होती. ज्याला दोन वर्षांपूर्वी चष्मा मिळाला तो दर सहा महिन्यांनी नवा मागायला येत नाही. १९५०-५१ पर्यंत कवळ्या-चष्म्यांची ही लाट ओसरू लागली होती. पण ‘आरोग्य सेवेचा खर्च आवरत नाही’ ही समजूत तोवर पक्की होऊन बसली होती, आणि समजूत पक्की झाली की नवे आकडे वाचायला कुणाला सवड नसते.

जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला. ब्रिटनने सैन्य पाठवलं. (भारताने लढाऊ तुकडी न पाठवता ६०वं पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवलं, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. गेट्स्केल यांच्या अंदाजपत्रकाच्या जेमतेम तीन आठवडे आधी या पथकातले काही जण अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर शत्रूच्या मुलखात उतरले होते.) सक्तीची लष्करी सेवा दीड वर्षावरून दोन वर्षांवर गेली. शस्त्रसज्जतेचा तीन वर्षांचा आराखडा आधी ३४० कोटी पौंडांचा होता, काही आठवड्यांत तो ३६० कोटींचा झाला. हिवाळ्याच्या तोंडावर चीन युद्धात उतरला, अमेरिकेचा आग्रह वाढला आणि जानेवारी १९५१ अखेरीस आकडा ४७० कोटींवर गेला. महायुद्ध संपून सहा वर्षं होत नाहीत, मांस अजून रेशनवर मिळत होतं, अशा देशाचा हा आकडा होता.

या वाढीच्या वेळी असा प्रश्न फारसा कुणी लावून धरला नाही, की एवढ्या पैशाचं नेमकं काय घेणार? विमानं आणि रणगाडे बनवायला यंत्रं लागतात, पोलाद लागतं, गंधक लागतं, कुशल हात लागतात. यंत्रसामग्री आधीच अपुरी होती. कच्चा माल जगभरात महाग झाला होता, कारण अमेरिका तो मोठ्या प्रमाणावर साठवत होती. विल्सन व्यापारमंत्री होते, अर्थशास्त्रज्ञ होते, आणि हे कोष्टक त्यांच्या टेबलावर रोज होतं. त्यांचा आक्षेप कवळी-चष्म्यांपुरता नव्हता. हा कार्यक्रम ठरल्या वेळात पार पडूच शकत नाही, पैसा मंजूर झाला तरी खर्च होणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बेव्हननी तेच मांडलं आणि पुढचा प्रश्न विचारला. जो पैसा खर्चच होणार नाही, त्यासाठी म्हाताऱ्या माणसाच्या कवळीवर हात का टाकायचा?

मंत्रिमंडळात त्यांची बाजू तोवर दुबळी झाली होती. जानेवारीत ॲटलींनी बेव्हनना आरोग्यखात्यातून कामगारखात्यात हलवलं, आणि नवे आरोग्यमंत्री हिलरी मार्क्वंड यांना मंत्रिमंडळात जागाच दिली नाही. म्हणजे संरक्षणमंत्री टेबलाभोवती बसत होते, अर्थमंत्री बसत होते, आणि आरोग्य सेवेतर्फे बोलणारा अधिकृत माणूस खोलीबाहेर होता. ही गोष्ट मला राजीनाम्यापेक्षाही महत्त्वाची वाटते. अंदाजपत्रकात कुणाला किती मिळणार हे बऱ्याचदा आकडेमोडीच्या आधी, खुर्च्या मांडतानाच ठरलेलं असतं. मार्चमध्ये परराष्ट्रखातं सहकारी मंत्री मॉरिसन यांना मिळालं आणि बेव्हन मागे राहिले. अर्थखातंही आदल्या वर्षी त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या गेट्स्केल यांच्याकडे गेलं होतं. राजीनाम्यामागे दुखावलेला अभिमान होता असं त्यांचे टीकाकार म्हणतात. अभिमान दुखावला होता यात शंका नाही. त्यामुळे त्यांनी मांडलेले आकडे मात्र चुकीचे ठरत नाहीत.

गेट्स्केल यांची बाजूही पोकळ नव्हती. ते विंचेस्टर आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, वडील बर्मात इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते. त्यांचं म्हणणं असं, की कोणत्याही सेवेला अमर्याद खर्चाचा परवाना देता येत नाही. आरोग्य सेवेला मर्यादा घालायची असेल तर कवळी आणि चष्मा यांपासून सुरुवात केलेली बरी, कारण तिथे जिवावर बेतत नाही. त्याच अंदाजपत्रकात त्यांनी वृद्धांचं निवृत्तिवेतन वाढवलं. मजूर पक्षाला राज्य करायचं तर कटू निर्णय घेता येतात हे दाखवावं लागेल, असं त्यांचं मत होतं. शिवाय १९४९ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग घेण्याचा अधिकार देणारा कायदा झाला, तेव्हा आरोग्यमंत्री बेव्हनच होते. शिलिंग प्रत्यक्ष घेतला गेला नाही, पण तत्त्व तेव्हाच सोडलं नव्हतं का, असा प्रश्न विरोधकांनी विचारला. फेब्रुवारी १९५१ मध्ये शस्त्रसज्जतेचं समर्थन करणारं भाषणही बेव्हननी सभागृहात केलं होतं. या दोन्ही गोष्टी त्यांच्या विरोधात जातात आणि त्या झाकण्यात अर्थ नाही.

तरी मी बेव्हनच्या बाजूला आहे, आणि त्याचं कारण रकमेत नाही. ज्याला शुल्क परवडत नाही त्याने राष्ट्रीय साहाय्य मंडळाकडे अर्ज करावा, अशी सोय ठेवली होती. ही सोय म्हणजे काय हे वेल्समधल्या खाणकामगाराला समजावून सांगायची गरज नव्हती. १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकारभत्ता देण्याआधी अधिकारी घरात येऊन बसत. कोण किती कमावतं विचारत, विकता येईल असं सामान पाहत, मुलीला नोकरी लागली की बापाचा भत्ता कापत. अनेक घरांतली तरुण मुलं त्यामुळे वेगळी राहायला गेली. आरोग्य सेवेने १९४८ मध्ये पहिल्यांदा असं दार उघडलं होतं जिथे ही चौकशी नव्हती. तिथे आजारी माणूस नागरिक म्हणून येत होता. शुल्क लावलं की लगेच सवलत आली, सवलत आली की पुरावा आला, आणि पुरावा मागायला माणूस बसवावा लागला. १ कोटी ३० लाखांसाठी ही चौकशीची खिडकी पुन्हा उघडली जात होती, आणि बेव्हनना तिथून वाट कुठे जाते ते ठाऊक होतं. आज कवळी, उद्या औषध, परवा इस्पितळातली खाट. ही भीती कल्पनेतली नव्हती. वर्षभरात तिचा पुढचा टप्पा आला.

३ एप्रिलला लंडनच्या बर्मंडसी भागातल्या सभेत कुणीतरी मध्येच टोकलं, तेव्हा बेव्हननी जाहीर सांगितलं होतं, की रुग्णाकडून पैसे घेणाऱ्या सरकारात आपण राहणार नाही. त्यानंतर मागे फिरायची वाट उरली नाही. पंतप्रधान ॲटली पोटातल्या व्रणाने इस्पितळात होते. ९ एप्रिलला मंत्रिमंडळ दोनदा बसलं आणि बहुमताने गेट्स्केल यांच्या बाजूने गेलं. २३ एप्रिलचं राजीनाम्याचं भाषण मात्र बेव्हनना साधलं नाही. उत्तम वक्ता असूनही ते सहकाऱ्यांवर घसरले, शस्त्रांच्या आकड्यांवरचा नेमका मुद्दा वैयक्तिक रागात बुडाला. पक्षाच्या बैठकीत तर त्यांचा तोल आणखी गेला. ज्या सभासदांचा त्यांच्या म्हणण्याला पाठिंबा होता तेही दूर झाले.

२५ ऑक्टोबर १९५१च्या निवडणुकीत मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा जास्त मतं मिळाली, जागा मात्र कमी मिळाल्या. चर्चिल पंतप्रधान झाले. ६ डिसेंबरला त्यांनी सभागृहात कबूल केलं, की या वर्षासाठी ठरलेली संरक्षणाची रक्कम खर्च होऊ शकणार नाही. बेव्हन यांचा अंदाज बरोबर निघाला हेही त्यांनी सांगितलं, त्यांचा हेतू चांगला नव्हता असं म्हणत का होईना. ४७० कोटींचा कार्यक्रम लांबवला गेला. युद्धखोर म्हणून ज्यांच्यावर मजूर पक्षाने प्रचारात टीका केली, त्याच माणसाने सत्तेवर येताच आधीच्या सरकारचं युद्धाचं बिल जास्तीचं असल्याचं सांगावं, हे त्या सरकारच्या हिशेबांबद्दल पुरेसं बोलकं आहे. यंत्रसामग्री शस्त्रांकडे वळली त्या काळात निर्यातीची बाजारपेठ जर्मनीने आणि जपानने काबीज करायला सुरुवात केली, हा तोटा वेगळा.

आरोग्याच्या बाजूचा हिशेब १९५६ मध्ये लागला. हुजूर सरकारने केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ क्लॉड गिलबॉ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, ती आरोग्य सेवेतली उधळपट्टी शोधून देईल या अपेक्षेने. रिचर्ड टिटमस आणि ब्रायन एबल-स्मिथ या संशोधकांनी समितीसाठी आकडे काढले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिलं तर सेवेवरचा खर्च १९४९-५० मधल्या पावणेचार टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये सव्वातीन टक्क्यांवर आला होता. आवरत नाही म्हणून ज्या खर्चाची पाच वर्षं चर्चा झाली तो उत्पन्नाच्या मानाने घटत होता. खर्च वाढताना दिसत होता तो मुख्यतः महागाईमुळे. समितीने कपात सुचवली नाही, उलट इस्पितळांच्या बांधकामावर फार कमी पैसा जातो असं नोंदवलं. इतका कसून तपास रणगाड्यांच्या अंदाजाचा १९५१ च्या जानेवारीत झाला असता तर एप्रिलमधला प्रसंगच आला नसता.

हा वाद ब्रिटनपुरता मानण्याचं कारण नाही. बेव्हन आपलं विधेयक तयार करत होते त्याच काळात, १९४६ मध्ये, सर जोसेफ भोर यांच्या समितीने भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला. भोर नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या बिशप्स हायस्कुलात आणि डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. त्यांची समिती नेमली गेली ती १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारावाचून राहू नये, हे तिचं पहिलं तत्त्व होतं, आणि खर्चाचा भार सरकारने उचलावा अशी शिफारस. १९५२ पासून आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहू लागली ती याच अहवालातून, पण भोर यांनी मागितलेल्या खाटा, डॉक्टर आणि परिचारिका यांच्या मानाने फारच लहान प्रमाणात. सरकारचा आरोग्यावरचा खर्च दशकानुदशकं राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास रेंगाळला. २०१७च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं. तत्त्व कुणी नाकारलं नाही. दर फेब्रुवारीत ते पुढच्या वर्षावर गेलं.

ब्रिटनमध्ये चर्चिल सरकारने १९५२ मध्ये औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आणि दातांच्या उपचारांवर शुल्क लावलं. गेट्स्केल यांनी अर्धवट उघडलेलं दार पूर्ण उघडायला त्यांना नव्याने भांडावं लागलं नाही. १९५५ मध्ये बेव्हन पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक गेट्स्केल यांच्याकडून हरले. नंतर दोघांनी जुळवून घेतलं. जुलै १९६० मध्ये बेव्हन गेले, जानेवारी १९६३ मध्ये गेट्स्केल गेले, आणि पुढे पंतप्रधान झाले हॅरल्ड विल्सन. ज्या शुल्कावरून त्यांनी खुर्ची सोडली होती त्या घराण्यातलं चिठ्ठीवरचं शुल्क त्यांनी १९६५ मध्ये रद्द केलं. १९६७ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, आणि १९६८ मध्ये त्यांनाच ते अडीच शिलिंग दराने पुन्हा लावावं लागलं. बेव्हनच्या वेल्सने २००७ मध्ये ते काढून टाकलं, २०१० मध्ये उत्तर आयर्लंडने आणि २०११ मध्ये स्कॉटलंडने. इंग्लंडमध्ये ते आजही आहे. १९५१ मध्ये तात्पुरती निकड म्हणून ज्याची सुरुवात झाली ते कवळीवरचं शुल्क तर त्यानंतरच्या प्रत्येक सरकारने, मजूर असो की हुजूर, चालूच ठेवलं.